कंसातले दोन शब्द

साहित्याचा अभ्यास करून मी पोटासाठी संगणक-प्रणालींच्या माहितीपुस्तिका लिहितो, हे कळल्यावर सहाध्यायी सहानुभूतीने पाहतात. त्यांना वाटते, तिथे भाषेला काही काम नसावे. माझा अनुभव उलट आहे.

सध्या जीडीबी या डीबगरचे दस्तऐवज वाचतो आहे. डीबगर म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावू देणारे साधन. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ते लिहिले. २००९ मधील ७.० या आवृत्तीपासून त्याला पायथन भाषेतूनही आज्ञा देता येतात. त्यातले 'एक्झिक्यूट' हे फंक्शन घ्या. ते तीन अर्ग्युमेंट्स घेते: आज्ञा, 'फ्रॉम टीटीवाय' आणि 'टू स्ट्रिंग'. (अर्ग्युमेंटला आपण 'वाद' म्हणत नाही, हे बरेच आहे.) पहिले अनिवार्य, पुढची दोन ऐच्छिक, म्हणून ती चौकोनी कंसात, तीही कंसात कंस घालून.

घोटाळा या कंसांतच आहे. आतला कंस सुचवतो की दुसरे दिल्यावाचून तिसरे देता येणार नाही. प्रत्यक्षात नाव घेऊन दिले तर तिसरे एकटेही चालते. हा नियम पुस्तिकेत आहे, पण सर्वसाधारण स्वरूपात, अन्यत्र. त्यामुळे अनेकजण आज्ञेपुढे नुसते 'खोटे, खरे' असे लिहून मोकळे होतात. काय खोटे, काय खरे, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' यांत मारणारा बदलत नाही, कारण नाते प्रत्ययात आहे. इंग्रजीत ते बव्हंशी स्थानात असते. नावासकट दिलेले अर्ग्युमेंट म्हणजे प्रत्यय लागलेले पद. बिननावाचे सर्वस्वी जागेवर अवलंबून. कारकविचार शिकलेल्याला हा भेद समजावा लागत नाही, पण पुस्तिकेचा वाचक पाणिनी वाचून येत नाही.

'टीटीवाय' हे टेलिटाइपरायटरचे संक्षिप्त रूप. ते यंत्र गेले, शब्द राहिला. तबकडी नसतानाही आपण फोन फिरवतोच की. पुस्तिका एवढेच सांगते की, आज्ञा माणसाने समोर बसून दिली असे मानावे की नाही, हे या अर्ग्युमेंटने ठरते, आणि ते वगळल्यास 'नाही' असे धरले जाते. वाक्य निर्दोष आहे. त्यातून परिणाम मात्र कळत नाही. माणसाने नुसते 'डिलीट' टंकले, तर सगळे ब्रेकपॉइंट पुसण्यापूर्वी जीडीबी एरवी विचारतो. तीच आज्ञा स्क्रिप्टमधून गेली, की न विचारता पुसतो. दुपारभर जुळवलेल्या थांब्यांची यादी एका ओळीत जाते, आणि पुस्तिकेत कुठेही असत्य लिहिलेले नसते.

व्याख्येशी प्रामाणिक राहून वाचकाला अंधारात ठेवणारे हे गद्य समीक्षेतही काही कमी नाही. असो. माझ्या मसुद्यात मी दोन्ही कंस सुटे केले आहेत, 'टू स्ट्रिंग' नावाने देण्याचे उदाहरण लगेच खाली घातले आहे, आणि 'फ्रॉम टीटीवाय'पुढे एक वाक्य वाढवले आहे: 'हे न दिल्यास काही आज्ञा खात्री करून न घेताच अमलात येतात.' त्यातला 'काही' मला अजून खुपतो. पण सर्व आज्ञांची वागणूक सारखी नाही, म्हणून तूर्त तो तसाच ठेवला आहे.