मास्क, मिशी आणि आमची उजवी कूस

आमच्या घोरण्याला वस्तीत एक प्रकारचा मान होता. उन्हाळ्यात सारी वस्ती अंगणात नाहीतर गच्चीवर झोपते. सकाळी नळावर गेलो की शेजारी म्हणायचे, "गुरुजी, रातच्याला तुमची गिरणी लय जोरात होती." आम्हीही हसत असू. आमचे वडील असेच घोरत. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, आणि मातीला आलेले सगळे म्हणाले, काही त्रास नाही, दवाखाना नाही, भाग्यवान माणूस. आम्हीही बरीच वर्षे तसेच मानत आलो.

त्या मानण्याला तडा गेला तो घरातूनच. निवृत्तीनंतरची गोष्ट. एका रात्री डोळा उघडला तर आमची मंडळी उठून बसलेली, हात आमच्या छातीवर. "अवो, तुमचा श्वास थांबते," ती म्हणाली. "मी मोजते. पंधरा होतात, वीस होतात, मंग एकदम हिसका देऊन चालू होते. मले भेव वाटते." केव्हापासून मोजतेस असे विचारले तर म्हणाली, सहा महिन्यांपासून. म्हणजे सहा महिने आम्ही झोपत होतो आणि ती आकडे मोजत होती. पुढच्याच आठवड्यात चिखलीहून मेहकरला जाताना दुचाकीवर भरदिवसा आमचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात उतरली. तूर मऊ मातीत होती, म्हणून आज हे लिहीत आहोत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक रात्र तपासणी केली. नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. निकाल आला तासाला 34. म्हणजे झोपेच्या दर तासाला चौतीस वेळा श्वास थांबतो किंवा बराच कमी होतो. पाचाच्या आत असेल तर काळजी नाही, तिसाच्या वर गेले की आजार तीव्र. नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धक्का देऊन उठवतो, आणि आपल्याला सकाळी त्यातले काही आठवत नाही. फक्त डोके जड. डॉक्टरांनी विचारले, रक्तदाबाची गोळी किती वर्षे? आम्ही म्हणालो, आठ. ते नुसते मान हलवत राहिले. आम्हाला वडील आठवले. त्यांची तपासणी कोणी केली नव्हती, त्यामुळे त्यांचे काय झाले ते आता कोणीच सांगू शकत नाही. पण 'भाग्यवान' हा शब्द त्या दिवसापासून आम्हाला वापरवत नाही.

आता मुद्द्याकडे येतो, म्हणजे कुशीकडे.

उताणे झोपले की जीभ आपल्याच वजनाने मागे पडते. कुशीवर झोपले की घसा त्यामानाने मोकळा राहतो. पुष्कळ रोग्यांचा आकडा कुशीवर बराच उतरतो. म्हणून जुना उपाय असा की बनियनच्या पाठीवर खिसा शिवायचा आणि त्यात चेंडू ठेवायचा, म्हणजे माणूस उताणा झाला की टोचते आणि तो पुन्हा कुशीवर वळतो. आमच्या मंडळींनी नातवाचा टेनिसचा चेंडू शिवला. नातू चार दिवस रुसला, पण आमची कूस पक्की झाली, उजवी. घोरणे कमी झाले, आकडा मात्र पुरेसा उतरला नाही. तेव्हा डॉक्टरांनी सी-पॅप लिहून दिले.

सी-पॅप म्हणजे उशाशी ठेवायचे छोटे यंत्र. ते खोलीतली हवा ठराविक दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडते. त्या दाबाने घसा फुगल्यासारखा उघडा राहतो, बाकी काही नाही; औषध नाही, प्राणवायूचे सिलिंडर नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी 1981 साली पाच रोग्यांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणे. सुलिव्हन यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरलेली होती, आणि मास्क रोग्याच्या नाकाचा साचा घेऊन बनवत व रोज रात्री चेहऱ्याला चिकटवत. हे कळल्यावर आमची तक्रार जरा मवाळ झाली. जरा.

कारण पहिला मास्क आम्हाला मिळाला तो नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानदाराने खुर्चीवर ताठ बसवले, मास्क लावला, पट्टे आवळले, "एकदम फिट" म्हणाला आणि सहा हजारांची पावती फाडली. घरी येऊन उजव्या कुशीवर टेकलो आणि उशीने मास्कची कड ढकलली. फुस्स करून हवा सरळ डोळ्यात. डावीकडे वळलो, दुसऱ्या डोळ्यात. पट्टे आवळले, मग नाकाच्या हाडावर लाल वळ उठला. उताणे झोपलो तर गळती थांबली, पण पाठीला चेंडू! ज्या कुशीने आम्हाला थोडे तरी वाचवले होते, तीच या मास्कला नको होती. तिसऱ्या रात्री झोपेतच तो ओढून फेकला. मंडळींनी अंधारात उचलला आणि पुन्हा मोजत बसली.

मास्क परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, पाकीट फोडले, आता परत घेत नाही. पेन्शनीतले सहा हजार! तो मास्क अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

दुसऱ्या दुकानात एक मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिने पहिला प्रश्न विचारला, "काका, झोपता कोणत्या कुशीवर?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारले नव्हते. तिने आम्हाला बाकावर आडवे केले, उजव्या कुशीवर, यंत्र चालू केले आणि मग मास्क लावला. तिचे म्हणणे असे की मास्कची सिलिकॉनची कड हवेच्या दाबाने फुगते आणि चेहऱ्याला बसते. पट्टे फार आवळले तर तिला फुगायला जागाच उरत नाही आणि गळती उलट वाढते. आडवे झाल्यावर गालाचा आकारही बदलतो. तेव्हा बसून घेतलेले माप निजल्यावर लागू पडत नाही. पायताण घेताना आपण चालून पाहतो, इथे मात्र कोणी निजून पाहत नाही.

तिने तीन प्रकार दाखवले. नाक-तोंडाचा आम्ही भोगलाच होता. तोंडाने श्वास घेणाऱ्याला तोच लागतो, पण आकाराने मोठा, म्हणून कुशीवर अवघड. दुसरा फक्त नाकावर बसणारा. तो बरा वाटला, पण त्याची खालची कड आमच्या मिशीवर टेकत होती आणि केसांतून हवा निसटत होती. मंडळी लगेच म्हणाल्या, "मिशी काढून टाका ना मंग, काहाले ठेवता?" चाळीस वर्षांची मिशी! आम्ही तिसऱ्याकडे वळलो. त्यात नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारी दोन मऊ बोंडे असतात, बाकी चेहरा मोकळा. नळी नाकासमोर लोंबत नाही, डोक्याच्या माथ्यावरून निघते. हवा दोन्ही गालांवरच्या पोकळ पट्ट्यांतून येते, एक बाजू उशीखाली दबली तरी दुसरी चालू राहते. मिशीशी भांडण नाही. डॉक्टरांना फोन करून विचारले. ते म्हणाले, नाक मोकळे राहत असेल आणि रात्री तोंड उघडत नसेल तर चालेल. पहिले काही दिवस तोंड उघडायचे आणि घसा कोरडा पडायचा. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी नाक मोकळे करू लागलो, यंत्राची पाण्याची टाकी वापरू लागलो, तेव्हा ते कमी झाले. टाकीत बोअरचे पाणी एकदाच घातले. पांढरा थर बसला. आता डिस्टिल्ड पाणीच. बोंडे रोज सकाळी साध्या साबणाने धुतो, नाहीतर चेहऱ्याच्या तेलकटपणाने ती सरकतात.

तरी एक अडचण उरली, हाताची. आम्ही गालाखाली हात घेऊन निजतो. शाळेची सहल अजिंठ्याला नेत असू तेव्हा सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती पोरांना दाखवायचो. तथागत उजव्या कुशीवर, हात गालाखाली, डोक्याखाली दगडाची उशी. आमची निज त्या चित्राची आहे असे पोरे चिडवायची. तो हात आता पट्टा सरकवू लागला, आणि आमची कापसाची फुगीर उशी उरलेले काम करू लागली. तयार उशा मिळतात म्हणे, कडेला खाच असलेल्या, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही वस्तीतल्या पिंजाऱ्याकडे गेलो. कागदावर चित्र काढून दिले: उशी नेहमीपेक्षा कडक, आणि दोन्ही कडांना अर्धचंद्रासारखी खाच, म्हणजे डोके उशीवर आणि मास्क उशीच्या बाहेर मोकळा. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "गुरुजी, अशी उंदरानं खाल्लेली उशी आजलोक कोणी मांगितली नाही." पण शिवली छान. हात आता खाचेखाली जातो.

वीज गेली तर काय, हे सगळेच विचारतात. मे महिन्यात दोनदा गेली. हवा थांबली की जाग येते, मास्क काढायचा आणि चेंडूवाले बनियन घालायचे. बनियन खुंटीवरच असते. आता इन्व्हर्टर घेतला आहे.

यंत्राच्या पडद्यावर सकाळी आकडा येतो. आमचा कालचा 3 होता. मंडळी चष्मा लावून तो रोज पाहतात, मग चहा ठेवतात.

मेहकरचे आमचे साडूही मोठे घोरणारे. त्यांची तपासणी झाली, यंत्र लिहून दिले. त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. काही मास्कांच्या पट्ट्यांना चुंबकाची चिमटी असते, लावायला सोपी. पण पेसमेकरपासून असे चुंबक किमान 6 इंच दूर ठेवावे अशी सूचना कंपन्यांनीच काढली आहे. आम्ही त्यांना सांगितले, चुंबक नसलेलाच मागा, डॉक्टरांना पेसमेकरचे आधी सांगा, आणि दुकानात निजून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ते म्हणाले, "लोकांसमोर निजू? लाज वाटते." पिंजाऱ्याने त्यांच्यासाठी उशी शिवली आहे. भाच्यासोबत ती परवाच मेहकरला पाठवली. मास्क त्यांनी अजून घेतलेला नाही, पण उशीवर झोप चांगली लागते असा निरोप आला आहे.