दापोडीहून औंधला

दापोडीत ‘औंधला कसं जायचं’ असं विचारलं, तर कोणीही नदीपलीकडचं पुण्याचं औंध दाखवील. मला जायचं होतं ते सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. तिथल्या राजानं १९३९ मध्ये स्वतःची सत्ता प्रजेच्या हवाली केली होती. पिशवीत प्राचीन अथेन्सच्या राजकारणावरचं वाचन होतं. लोकशाही पहिल्यांदा कशी आली आणि आपल्याकडच्या एका संस्थानात कशी आली, हे शेजारी ठेवून पाहायचं होतं.

दापोडी आज एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे माहीत आहे. १८१७ मध्ये इथे फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण होती. पैसा पेशव्यांचा, हुकूम इंग्रजांचा. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई जुंपली तेव्हा ती मुळा उतरून इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे फोर्डचा बंगला गव्हर्नर माल्कमनं सरकारसाठी घेतला आणि गणेशखिंडीतलं निवासस्थान उभं राहीपर्यंत मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे राहत.

मेट्रोनं मुळा ओलांडली तेव्हा पोसणाऱ्यावरच उलटलेल्या त्या पलटणीवरून पिसिस्ट्रेटस आठवला. या अथेन्सवासी पुढाऱ्यानं इ.स.पू. ५६१च्या सुमारास स्वतःच अंगावर जखमा करून घेतल्या आणि ‘शत्रूंनी मारलं’ म्हणत भर चौकात येऊन संरक्षण मागितलं. लोकांच्या सभेनं सोटेधारी रक्षक दिले. त्यांच्याच जोरावर त्यानं अॅक्रोपोलिस हा शहराचा बालेकिल्ला ताब्यात घेतला, असं इतिहासकार हिरोडोटस सांगतो. लोकांनी दिलेले सोटे लोकांवरच चालले.

स्वारगेटला साताऱ्याची एसटी मिळाली. खंबाटकीच्या घाटात गाडी धापा टाकू लागली आणि मी पुढचं वाचत राहिलो. गंमत अशी की पिसिस्ट्रेटस वाईट राज्यकर्ता नव्हता. त्यानं आधीच्या कायदेकर्त्या सोलोनचे कायदे बहुतांशी चालू ठेवले, गरीब शेतकऱ्यांना कर्जं दिली, उत्सव वाढवले. तो इ.स.पू. ५२७ मध्ये वारला आणि गादी मुलांकडे गेली. ५१४ मध्ये धाकट्या हिपार्कसचा खून झाला, तसा थोरला हिप्पियस संशयी आणि क्रूर झाला. ५१० मध्ये स्पार्टाच्या फौजेच्या मदतीनं त्याला हाकलावं लागलं. बाप भला होता म्हणून कारभार बरा, मुलगा बिथरला की सगळं संपलं.

रहिमतपूरमार्गे औंध आलं. गावाच्या डोक्यावर मूळपीठाचा डोंगर, वर यमाई, वाटेत भवानी संग्रहालय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जमवलेल्या या संग्रहात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. राजा स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरानावर कारखान्यासाठी जागा दिली ती यांनीच. तिथे किर्लोस्करवाडी वसली, आणि त्या घराण्याचा उद्योग पुढे दापोडीच्या शेजारी खडकीपर्यंत आला.

म्हणजे इथेही राजा भला होता. फरक एवढाच की ‘माझ्यामागे काय’ हा प्रश्न यानं जिवंतपणी सोडवायला घेतला. मुलगा आप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून आलेला, सोबत मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता. गांधीजींचा सल्ला घेऊन संस्थानची घटना तयार झाली. तिचा पाया गावची निवडलेली पंचायत. त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच.

अथेन्सलाही पाया गावातच घातला गेला होता. इ.स.पू. ५०८मध्ये क्लायस्थेनिसनं जुन्या कुळांची पकड मोडण्यासाठी गाव आणि वस्ती हीच नागरिकाची ओळख केली. किनारा, शहर आणि आतला मुलूख मिसळून दहा नवे गट पाडले आणि पाचशे जणांचं मंडळ नेमलं. बायका, गुलाम आणि परके मात्र बाहेरच राहिले.

डोंगर उतरून गावात चहा घेतला. ग्रामसभेचा विषय काढल्यावर शेजारचे आजोबा हसले. ‘‘कोरम भरतोय कुठं? तहकूब करायची, मग उरलेल्यांनी उरकायची.’’ कायद्यानं शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. तहकूब सभेला ती अट नाही. अथेन्सकरही काही वेगळे नव्हते. सभेला न येता बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीनं हाकत, असं अॅरिस्टोफेनिसच्या नाटकात आहे. कपड्यावर डाग पडला की कामचुकार कोण ते कळायचं.

औंधचा प्रयोग १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत, जेमतेम नऊ वर्षं चालला. भवानरावांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही. पण राजाला सत्ता सोडायला एक निर्णय पुरतो. ती उचलून धरायला लोकांना दर सभेला घरातून निघावं लागतं. आजोबांना मी विचारलं, ‘‘तुम्ही जाता का?’’ ते म्हणाले, ‘‘पाण्याचा विषय असला की जातो.’’