मागच्या चाकासाठी

पावसाळी सायकलफेरीला निघताना मी प्रत्येकाची सायकल आधी मागून बघतो. मागच्या मडगार्डच्या टोकाला रबराची पट्टी हवी, आणि ती जमिनीपासून चार बोटांवर येईल इतकी लांब हवी. ओल्या रस्त्यावर मागचं चाक लाल पाण्याची धार उडवतं. स्वतःची पाठ वाचवायला नुसतं मडगार्ड पुरतं. पट्टी अडवते ती मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारा चिखल. जो ती लावतो, त्याला तिचा काडीचाही उपयोग नसतो. पावसात मित्रांबरोबर सायकल चालवण्याची सगळी विद्या मला त्या पट्टीत दिसते.

आमची फेरी कोकणच्या सागरी मार्गावर. तो रेवसपासून रेडीपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटर. नकाशावर तो समुद्राचं बोट धरून सरळ दक्षिणेला उतरतो. पायांना मात्र तो वेगळा कळतो. खाडी, चढ, सडा, उतार, पुन्हा खाडी, असंच चक्र. चढ शे-दीडशे मीटरचे असतील, पण घाटासारखे एकदा चढून संपत नाहीत. दाभोळ झालं की जयगड, मग पूर्णगड, मग विजयदुर्ग. प्रत्येक खाडी कमावलेली उंची काढून घेते.

उन्हाळ्यात या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, सावलीला झाड मिळत नाही, जांभा दगड तापून नुसती आग ओकतो. पावसाळ्यात त्याच कातळावर गवत येतं, आणि ऑगस्ट सरता सरता सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं पसरतात. सर अंगावर घेत, गार वाऱ्यात तो सडा ओलांडण्यासारखं सुख मला दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं दिलेलं नाही. जून-जुलैचा जोर ओसरल्यावर, सरींमध्ये उघडीप मिळू लागली की निघावं, हे माझं मत.

चढावर आम्ही एकमेकांसाठी थांबत नाही. ज्याचा त्याचा दम, ज्याचा त्याचा गिअर. माथ्यावर मात्र सगळे जमल्याशिवाय कुणी उताराला लागायचं नाही. कारण पावसातला उतार ही खरी परीक्षा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पहिल्या दाबाला फक्त रिमवरचं पाणी पुसलं जातं. पकड त्यानंतर येते. म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करत राहायची. डिस्क ब्रेक लवकर धरतात, पण तांबड्या चिखलात त्यांचे पॅड भराभर झिजतात. ओल्यात रेझिनपेक्षा धातूचे पॅड जास्त टिकतात, तरी एक जादा जोडी सामानात हवीच. आंबा-फणसाच्या दाट सावलीत रस्त्यावर शेवाळ धरतं. तिथे ब्रेक नाही, वळवणं नाही. वेग आधीच कमी करून सायकल सरळ जाऊ द्यायची. कोरड्या दिवशी पुढच्याच्या चाकाला चाक लावून जाता येतं. पावसात मध्ये दोन-तीन सायकलींची जागा सोडतो, उतारावर त्याहून कितीतरी जास्त.

पुढे असणाऱ्याच्या अंगावर दोघांचा रस्ता असतो. गढूळ पाण्याखालचा खड्डा मागच्याला दिसत नाही. त्याला दिसतो पुढच्याचा हात. ‘खड्डा!’, ‘शेवाळ!’, ‘गाडी!’ ही आमची भाषा. जोराच्या सरीत आवाज पोचत नाही, तेव्हा पाठीमागे धरलेला तळवा बोलतो.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. दक्षिणेला जाणाऱ्याच्या उजव्या गालावर तो तिरपा येऊन आदळतो, म्हणून आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही. तो त्याच्या डाव्या अंगाला, थोडा मागे असतो. रिकाम्या, सरळ रस्त्यावर पुढच्यानं जरा मध्याकडे सरकून मागच्याला डावीकडे जागा करून द्यायची. अरुंद रस्त्यावर ती जागा एकालाच पुरते, तिसरा थेट गवतात जाईल. म्हणून जोड्या करतो, आणि पुढचा दमायच्या आत अदलाबदल. वळण आलं की पुन्हा एकामागे एक.

एका बाबतीत मात्र मतभेद चालत नाहीत. साकवावरून पाणी वाहत असेल आणि त्याच्या कडा दिसत नसतील, तर थांबायचं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कोकण जेमतेम ५०-६० किलोमीटर रुंद. पऱ्हे लवकर फुगतात आणि पाऊस थांबला की बहुधा लवकर उतरतात. खाडीजवळ भरतीनं पाणी तुंबतं, ओहोटीची वाट बघावी लागते. त्याचा अंदाज गावातल्या माणसाला विचारावा. त्यानं ‘आत्ता नको’ म्हटलं की चहा मागवायचा.

दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला फेरीबोट नेते. तिच्या उतरणीवर शेवाळ असतं, सायकल हातानंच ढकलत न्यावी. पलीकडे पोचेपर्यंतची ती थोडी मिनिटं मला फार मोलाची वाटतात. कोण गप्प झालाय, कुणाचे ओठ थंडीनं काळवंडलेत, कुणाच्या मांड्या ओल्या कपड्यानं सोलल्यात, हे चालत्या सायकलीवर कळत नाही; बोटीत समोरासमोर उभं राहिलं की कळतं. पुढचा मुक्काम कुठे, ते आम्ही तिथेच नव्यानं ठरवतो, आणि ठरवताना सर्वांत दमलेल्याचा शब्द शेवटचा.

संध्याकाळी अंघोळीआधी सायकली. चेन पुसून तेल, पॅडमधले खडे काढणं, टायरवरून बोट फिरवून रुतलेली काच शोधणं. ओल्या रबराला काच सहज कापते, म्हणून पावसात पंक्चर जास्त. हे काम ज्यानं त्यानं करायचं नसतं. ज्याच्या हातात त्राण उरलंय, तो सगळ्यांच्या सायकली बघतो. एकाची चेन तुटली तर दुसऱ्या दिवशी सगळेच थांबणार असतात.

या किनाऱ्यावर माझ्यापेक्षा वेगानं जाणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या पायांचं मला कौतुक आहे. पण भर पावसात पुढे कोणाला ठेवायचं, हे ठरवताना मी पाय बघत नाही. वळण पार केल्यावर न सांगता जो एकदा मागे वळून बघतो, त्याच्या मागे मी डोळे मिटून जाईन.