सरासरी आणि सव्वानऊ

शेअर बाजाराशी संबंधित काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग काय, सध्या काय घ्यावं?" आता यांना कसं सांगू की बाबांनो, कुठला शेअर घ्यावा यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझं काम एवढंच, की कोणीतरी 'बाय' दाबल्यापासून ती ऑर्डर एक्स्चेंजच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचं. आणि जास्त लागला तर का लागला ते शोधायचं. थोडक्यात, ट्रॅफिक हवालदार. फक्त शिट्टी नाही.

तर या वीकांताला या मोजण्याबद्दलच लिहितो. वरवर वाटतं त्यापेक्षा प्रकरण बरंच भानगडीचं आहे.

आधी थोडं अंतराचं गणित. प्रकाश पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, फायबरच्या काचेतून साधारण २ लाख. म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) दलाल स्ट्रीटपासून बीकेसीतल्या एनएसईपर्यंत सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर. फायबर तेवढंच सरळ टाकलं तर ७५ मायक्रोसेकंद. टॅक्सीने किती लागतात ते जाऊ द्या :)

१९९४ साली एनएसईने स्क्रीनवर सौदे सुरू केले तेव्हा देशभरातल्या दलालांना उपग्रहामार्फत, व्हीसॅटने जोडलं होतं. तो उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. रिंगणात ओरडून सौदे करणाऱ्यांच्या दृष्टीने ही चैनच होती. आणि २०१० मध्ये अमेरिकेत शिकागो ते न्यू जर्सी अशी जवळजवळ सरळ फायबर टाकली गेली, जाऊन-येऊन सुमारे १३ मिलिसेकंदांसाठी. पुढे मायक्रोवेव्हचे टॉवर आले आणि तेच काम ९ मिलिसेकंदांच्या आत व्हायला लागलं. कोट्यवधी डॉलरची फायबर, आणि काही वर्षांत ती 'स्लो लोकल' झाली!

पण आमच्यासारख्यांचं रोजचं भांडण प्रकाशाच्या वेगाशी नसतं. ते असतं सरासरीशी.

समजा १००० ऑर्डर गेल्या. त्यातल्या ९९० ऑर्डरना प्रत्येकी १०० मायक्रोसेकंद लागले आणि १० ऑर्डरना २०,००० (म्हणजे २० मिलिसेकंद). सरासरी काढा. साधारण ३०० येते. आता गंमत बघा, ३०० मायक्रोसेकंद लागलेली ऑर्डर हजारात एकही नाही! सरासरी ज्या ऑर्डरबद्दल बोलते ती अस्तित्वातच नाही. त्या दहा जणांचं मात्र काय झालं ते रिपोर्टात कुठेच दिसत नाही. म्हणून आम्ही पर्सेंटाइल बघतो. १०० पैकी ९९ ऑर्डर किती वेळात गेल्या, १००० पैकी ९९९ किती वेळात. इथे पहिला आकडा १०० येतो, दुसरा २०,०००. दुसऱ्यात चोर सापडला.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे ते दहा जण दिवसभरात कुठेही विखुरलेले नसतात. बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा, रिझर्व्ह बँकेचं व्याजदराचं पत्रक येतं तेव्हा, बजेटच्या भाषणात एखादं वाक्य येतं तेव्हा... म्हणजे जेव्हा सगळ्यांना एकदम ऑर्डर टाकायची असते, नेमके तेव्हाच. दुपारी एक वाजता नेटवर्क कसं चालतं याला कोण विचारतो?

एका ब्रोकरकडे हे अगदी डोळ्यांसमोर बघायला मिळालं. तिथल्या डीलरकाकांची तक्रार, की रोज सकाळी ऑर्डर अडकते. लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा रिपोर्ट म्हणायचा, लाइन दहा-बारा टक्केच वापरात आहे, सगळं हिरवं. काका शांतपणे म्हणाले, "तुमचा ग्राफ बरोबर असेल हो, पण माझी ऑर्डर अडकते त्याचं काय?" आणि ड्रॉवरमधून वही काढली. महिनाभराच्या नोंदी. तारीख, वेळ, किती सेकंद अडकली. पेन्सिलीने!

आम्ही लाइनवर कॅप्चर लावला, प्रत्येक पॅकेट वेळेसकट पकडलं, आणि काकांच्या वहीशी ताडून पाहिलं. जुळलं. तो हिरवा ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवत होता. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यात लाइन ३ सेकंद काठोकाठ भरली तरी सरासरीत फक्त एक टक्क्याची भर पडते. पण त्या ३ सेकंदांत राउटरची रांग भरते, पॅकेट टाकून दिली जातात. हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतो, पण आधी थोडं थांबून. लिनक्सवर हे थांबणं कमीत कमी २०० मिलिसेकंदांचं, पुन्हा हरवलं तर दुप्पट, परत दुप्पट. अशी झाली काकांची दीड सेकंदाची ऑर्डर. पुढे किमतींचा डेटा आणि ऑर्डर यांच्या रांगा वेगळ्या केल्या आणि वही बंद झाली. त्या ऑफिसातलं सगळ्यात चांगलं मॉनिटरिंग टूल काकांच्या ड्रॉवरमध्ये होतं.

दुसरी भानगड घड्याळांची. ऑर्डर निघाली त्या मशीनचं घड्याळ वेगळं, पोचली तिथलं वेगळं. दोघांत जरा फरक असला की आकडा उणे येतो. म्हणजे ऑर्डर निघायच्या आधीच पोचली! उणे दिसलं की निदान कळतं तरी. दोनशेच्या जागी दीडशे दिसलं तर कोणाला शंका येणार? म्हणून छतावर जीपीएसची अँटेना, आणि तिथून पीटीपी नावाच्या प्रोटोकॉलने सगळी घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आत जुळवायची. युरोपात तर जानेवारी २०१८ पासून कायदाच आहे, अतिवेगवान ट्रेडिंग करणाऱ्यांचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांहून जास्त ढळता कामा नये.

एवढं काटेकोर कशाला, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. मग एनएसईच्या को-लोकेशनचं प्रकरण वाचलं. २०१० पासून ब्रोकरना आपले सर्व्हर एक्स्चेंजच्या डेटा सेंटरमध्ये ठेवता येऊ लागले. सगळे एकाच छताखाली, म्हणजे सगळे समान. पण किमतींचा डेटा तेव्हा टीसीपीने जायचा, एकानंतर एक. सकाळी सर्व्हरला जो आधी जोडला जाई, त्याला आधी. पुढे २०१४ मध्ये मल्टिकास्ट आलं, म्हणजे सगळ्यांना एकदम. चौकशा झाल्या, फॉरेन्सिक ऑडिट झाले. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपिलात ती वसुली रद्द झाली, पण देखरेखीतल्या ढिलाईसाठी १०० कोटी भरायला सांगितले गेले. संगनमताचा आरोप २०२४ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी टिकला नाही.

त्या खटल्याच्या निकालावर मी काय बोलणार. मला त्यात दिसतो तो आमचा रोजचाच प्रश्न. रांगेत आधी कोण होतं? आणि याचं उत्तर वर्षांनंतर कोणी मागितलं तर देता आलं पाहिजे. त्यासाठी त्या दिवशीच, त्या क्षणीच, बरोबर घड्याळाने नोंद झालेली असावी लागते. नंतर कितीही हुशार माणसं बसवली तरी न मोजलेला मायक्रोसेकंद परत आणता येत नाही. आणि मोजलेला सरासरीत विरघळवून टाकला असेल, तर तो गेलाच समजा.

म्हणून आता कोणी हिरवा ग्राफ दाखवला की मी तीन गोष्टी विचारतो. किती वेळाची सरासरी आहे? घड्याळ कोणाचं? आणि सव्वानऊचा कच्चा डेटा ठेवलाय का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा समोरचा डिस्क किती महाग पडते ते सांगायला लागतो.

असो. बाजार बंद आहे, ग्राफ सपाट आहे, आणि फोडणीचा वास येतोय. जेवून घेतो.