आवाज राखून ठेवणारी माणसं

शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला घरातल्या कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, दार आपटायचं नाही. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या काही घरांत हा दंडक घातला होता तो घरातल्या शाळकरी पोराने. टीव्हीच्या स्पीकरला टेकवलेला मायक्रोफोन, शेजारी दोन चक्र्यांचा जडशीळ टेपरेकॉर्डर आणि त्याच्या बटणावर बोट ठेवून बसलेला मुलगा. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू झालं की पंचवीस मिनिटं घराने श्वास रोखायचा. कोणाच्या हातून चमचा पडला, तर तो आवाज फितीत कायमचा जाऊन बसे. पुढे काही जाणत्या पोरांनी मायक्रोफोनच काढून टाकला. टीव्हीची मागची बाजू उघडून त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर थेट आतल्या जोडणीला लावली. विजेचा झटका बसायची भीती होती, पण आवाज स्वच्छ मिळत असे.

हा खटाटोप कशासाठी, तर भाग एकदा प्रसारित झाला की तो संपला. व्हिडिओ घराघरांत पोचायला अजून कितीतरी वर्षं होती आणि जुने भाग पुन्हा क्वचितच दाखवले जात. चित्र धरून ठेवणं पोरांच्या हातात नव्हतं. आवाज धरता येत होता, म्हणून त्यांनी आवाज धरला. आपण एका मोठ्या संस्थेच्या वाट्याचं काम करतो आहोत, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

ती संस्था म्हणजे बीबीसी. २३ नोव्हेंबर १९६३ला, शनिवारी, ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. त्या बातमीच्या गदारोळात भाग अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला गेला. बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढं आणि आत पाऊल टाकलं की दिवाणखान्याहून प्रशस्त असं यान, ते घेऊन काळात आणि अवकाशात भटकणारा ‘डॉक्टर’ नावाचा एक तिरसट म्हातारा, एवढं भांडवल. निर्माती व्हेरिटी लँबर्ट तेव्हा अवघी २७ वर्षांची होती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक तिच्याहूनही लहान. तो वारिस हुसेन. जन्म लखनौचा, आई कादंबरीकार अतिया हुसेन. बीबीसीच्या त्या काळच्या गोऱ्या, पुरुषी, मुरलेल्या वातावरणात एका तरुण बाईच्या आणि एका तरुण भारतीयाच्या हाती ही मालिका सोपवली गेली. तिचं वेगळेपण तिथूनच सुरू होतं, असं मानायला भरपूर जागा आहे.

आणि तिचा आवाज! शीर्षकसंगीताची धून रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्षात उतरवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर यांनी. सिंथेसायझरचा जमाना यायचा होता. त्यांनी ऑसिलेटरचे सूर आणि छेडलेल्या एका तारेचा नाद टेपवर घेतला, त्याचा वेग कमीजास्त करून हवे ते स्वर मिळवले, मग एकेक स्वराची फीत इंचांच्या हिशेबाने मोजून ब्लेडने कापली आणि तुकड्याला तुकडा चिकटवला. आज ऐकतानाही त्या धुनीतलं वाद्य ओळखता येत नाही, कारण ते वाद्य कधी अस्तित्वातच नव्हतं. यान निघताना होणारा घरघराट ब्रायन हॉजसन यांचा. त्यांनी जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर किल्ली घासली आणि तो आवाज टेपवर उलटासुलटा फिरवला. डर्बीशायर २००१ साली गेल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव पडद्यावर झळकलं ते २०१३ साली, पन्नासाव्या वाढदिवसाच्या विशेष भागात. चाहते मात्र त्याआधी कित्येक वर्षं ते नाव आदराने घेत होते.

आता दुखरी बाजू. १९६३ ते १९६९ या काळात मालिकेचे २५३ भाग दाखवले गेले. ते ज्या रुंद व्हिडिओटेपवर होते ती टेप महाग होती, तिच्यावर नवं चित्रीकरण करता येत होतं आणि कलाकारांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर बंधनं होती. शिवाय रंगीत टीव्ही दारात उभा. कृष्णधवल मुलांची मालिका पुन्हा कोण बघणार? टेपा पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म काही काळ तगल्या, मग १९७०च्या दशकात त्यांचीही विल्हेवाट लागू लागली. हे दुष्टाव्याने कोणी केलं नाही. फडताळात जागा हवी होती, विक्रीच्या मुदती संपल्या होत्या, फाइलवर शेरा पडला होता. एवढ्या साध्या कारणांनी एक अख्खं दशक कचऱ्यात जाऊ शकतं, ही गोष्ट कुठल्याही राक्षसापेक्षा भयंकर आहे.

वारिस हुसेन यांनी बव्हंशी दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा अशीच गेली. विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर पडद्यावर कोसळतो आणि त्याच देहातून पॅट्रिक ट्राउटन उठून बसतात, तो २९ ऑक्टोबर १९६६चा भागही गेला. एक नट थकला तर नायकच नवा जन्म घेईल, या युक्तीवर ही मालिका साठ वर्षांपलीकडे टिकली. आणि ती युक्ती जिथे पहिल्यांदा वापरली, तोच भाग हाती नाही! रूपांतराचे तेवढे काही क्षण उरले, कारण मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात ते तुकड्यादाखल दाखवले गेले होते.

१९७८ साली इयन लेव्हिन हा चाहता बीबीसीच्या विक्री विभागात पोचला, तेव्हा डालेक या यांत्रिक शत्रूंच्या पहिल्याच कथेचे डबे फेकण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले होते. त्याने आरडाओरडा केला आणि ते वाचले. त्याच सुमाराला स्यू माल्डन बीबीसीच्या अभिलेखागारात निवडीचं काम पाहू लागल्या होत्या. काय जपलं गेलं आणि काय पुसलं गेलं याचा माग काढण्यासाठी त्यांनी नेमकी हीच मालिका नमुना म्हणून घेतली. बाहेरचा वेडा आणि आतली जबाबदार बाई एकाच वेळी एकाच गोष्टीच्या मागे लागले. असा योग रोज येत नाही.

मग शोध सुरू झाला आणि त्यातली एकेक हकिगत मालिकेच्या कथांना मागे टाकते. १९८३ साली लंडनमध्ये मॉर्मन चर्चच्या इमारतीच्या तळघरात दोन भाग निघाले. १९८८ साली बीबीसीच्याच एका कार्यालयाचं सामान हलवताना कपाटात चार भाग सापडले. १९९२ साली हाँगकाँगहून ‘टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग परत आले. न्यूझीलंडमध्ये एका फिल्म संग्राहकाकडे निघालेला ‘द क्रुसेड’चा पहिला भाग १९९९ साली ओळखला गेला. बीबीसीच्या एका माजी अभियंत्याला पूर्वी खोली साफ करून रिळं टाकून द्यायला सांगितलं होतं. त्याने एक टाकलं नाही. ते २००४ साली परत आलं.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट त्याहून विलक्षण. तिथल्या सेन्सॉरने मुलं घाबरतील म्हणून काही प्रसंग कात्रीने कापले आणि पुरावा म्हणून ते तुकडे सरकारी दप्तरात जपले. पुढे मूळ भाग नाहीसे झाले आणि १९९६ साली चाहत्यांनी त्या दप्तरात हे तुकडे हुडकून काढले. ‘फ्युरी फ्रॉम द डीप’चे सहाही भाग गहाळ आहेत, पण दोन पांढऱ्या कोटातली माणसं एका घरात शिरतात, एकाच वेळी आ वासतात आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या विषारी वायूने समोरची बाई कोसळते, हा प्रसंग आज बघता येतो. ना शब्द, ना मारामारी. नुसते दोन उघडे जबडे, आणि बघणाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा. जे मुलांनी बघू नये म्हणून कापलं, तेवढंच त्या मुलांच्या नातवंडांसाठी उरलं.

चित्रांची आणखी एक वाट होती. जॉन क्यूरा नावाचे छायाचित्रकार टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढत आणि ते नट-दिग्दर्शकांना विकत. आपलं काम दाखवायला त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. एका भागाचे साधारण साठ-सत्तर फोटो. चाहत्यांनी हे फोटो आणि पोरांनी टिपलेला आवाज एकत्र आणला, ओळीओळीने जुळवला आणि हरवलेले भाग पुन्हा उभे केले. हे शक्य झालं, कारण एक गोष्ट खरोखर घडली आहे: गहाळ भागांपैकी एकाचाही आवाज हरवलेला नाही. एकाचाही नाही. संस्थेने चित्र पुसलं, आणि आवाज घराघरांत शाबूत राहिला. २०१६ साली ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चे सहा भाग अ‍ॅनिमेशनच्या रूपाने आले, तेव्हा त्यात ट्राउटन बोलतात ते घरगुती टेपरेकॉर्डरवर टिपलेल्या आवाजातच.

ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, त्यांना पुस्तकं होती. १९७३पासून टार्गेट या प्रकाशनाने या कथांच्या छोट्या कादंबऱ्या काढल्या. एकट्या टेरन्स डिक्स यांनी साठाहून अधिक लिहिल्या. साधी वाक्यं, वेगवान कथानक. मुलांनी त्यांची पारायणं केली आणि न पाहिलेले भाग मनात दिग्दर्शित केले. पडद्यावर थर्माकोलचा दगड हलत असेल, पुस्तकात तो हलत नव्हता. या वाचनाने एक पिढी घडवली आणि त्याचा दाखला नंतर मिळाला.

डिसेंबर १९८९मध्ये मालिका थांबली. १९९६चा एक टीव्ही चित्रपट सोडला, तर सोळा वर्षं पडद्यावर नवं काही नाही. या उपासाच्या काळात चाहत्यांनी नुसती वाट पाहिली नाही. १९९१पासून व्हर्जिन या प्रकाशनाने नव्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली आणि लिहिणारे बरेचसे चाहतेच होते. पॉल कॉर्नेल याची १९९५ची ‘ह्यूमन नेचर’ ही त्यातलीच. डॉक्टर माणूस होऊन एका शाळेत मास्तर म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. बारा वर्षांनी, २००७ साली, तीच कथा कॉर्नेलनेच पडद्यासाठी लिहिली. या कादंबऱ्यांत एक रसेल टी. डेव्हिस यांचीही होती. २६ मार्च २००५ला मालिका परतली ती याच डेव्हिस यांच्या हातून. डालेकांना आवाज दिला निकोलस ब्रिग्ज यांनी. तेही मुळातले चाहते आणि आधीपासून ध्वनिनाट्यांत डालेक होऊन बोलणारे. लहानपणी डॉक्टरला पाहूनच नट व्हायचं ठरवलेला डेव्हिड टेनंट त्याच वर्षी डॉक्टर झाला. १९७४ साली पंधरा वर्षांच्या एका स्कॉटिश मुलाचं मालिकेचं कौतुक करणारं पत्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आलं होतं. त्याचं नाव पीटर कपाल्डी. २०१३ साली यानाची किल्ली त्याच्याकडे आली.

चाहता म्हणजे टाळ्या वाजवणारा, अशी समजूत असेल तर १९८६चा एक प्रसंग आठवावा. बीबीसीच्याच कार्यक्रमात एका सोळा वर्षांच्या मुलाने मालिकेच्या लेखकांसमोर बसून ताज्या भागांची झाडाझडती घेतली. संवाद ठरीव झालेत, कथेत दम नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. तो ख्रिस चिबनॉल. २०१८पासून मालिकेची सूत्रं त्याच्याकडे होती आणि मग त्याने तशीच टीका ऐकली, तीही नव्या पिढीच्या चाहत्यांकडून. त्याच्याच कारकिर्दीत विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ आला. डॉक्टर १९४७च्या फाळणीत, दोन देशांमधल्या नव्या कोऱ्या सीमेवरच्या एका लग्नात जाऊन उभी राहते. हो, उभी राहते. डॉक्टर तोवर बाई झाली होती. भागातले परग्रहवासी त्या गावात खून करायला आलेलेच नाहीत. एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलेलं आहे. मारणारी माणसं घरचीच आहेत. मालिकेतल्या सर्वात सुंदर भागांत याची गणना व्हायला हवी.

जपणुकीची कलाही या वेडाने पुढे नेली. १९७०च्या दशकातले काही रंगीत भाग फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. फिल्म काढताना पडद्यावरचा रंगाचा संकेत बारीक ठिपक्यांच्या जाळीच्या रूपाने तिच्यात उतरला होता. एरवी तो दोषच समजला जाई. बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांनी ते ठिपके म्हणजे दडलेला रंग आहे हे ओळखलं आणि त्यातून संगणकाच्या मदतीने मूळ रंग बाहेर काढता आला. ‘द माइंड ऑफ ईव्हिल’च्या सहापैकी पाच भागांत हे ठिपके होते, पहिल्यात नव्हते. तो स्टुअर्ट हम्फ्रीज या चाहत्याने महत्त्वाची एकेक चौकट हाताने रंगवून पुरा केला.

२०१३ साली फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रातून नऊ हरवलेले भाग मिळवले. ‘द वेब ऑफ फिअर’चे सहाही भाग आपण तिथे पाहिले होते, असं ते सांगतात. पण रिळं लंडनला पोचली तेव्हा तिसरा भाग वाटेतच नाहीसा झाला होता. पुढे मालिकेतलं लाडकं पात्र ठरलेला लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा पडद्यावर येतो, तो नेमका हाच भाग. तेव्हा ९७ भाग गहाळ उरले. शोधाचा रोख आता खाजगी संग्राहकांकडे वळला आहे. ती पिढी म्हातारी होते आहे, आणि घर रिकामं करणाऱ्या नातवंडांना माळ्यावरच्या गंजक्या डब्यांत काय आहे हे माहीत नसतं. त्यांना एवढंच सांगायचं: डबा भंगारात घालण्याआधी चिठ्ठी वाचा, ती चुकीचीही असू शकते हे धरून चाला, आणि आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडू लागली आहे असं समजून ती प्रोजेक्टरवर चढवू नका, थेट अभिलेखागाराला फोन करा.