कर्जतवरून पुढे

गाडी कर्जतला थांबते ती बटाटेवड्यासाठी, अशी पुष्कळ मुंबईकरांची प्रामाणिक समजूत आहे. खरे कारण गाडीच्या शेपटीकडे असते. पुढे बोरघाट, एकट्या इंजिनाच्या बळावर तो चढवत नाही, म्हणून मागून रेटा द्यायला आणखी इंजिने लावतात. मी इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि स्टेशनाजवळच राहतो. ती जोडणी होतानाचा धाडकन आवाज आमच्या घरी घड्याळाचे काम करतो.

गेल्या वर्षी अशाच एका गाडीच्या वेळेला माझी जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. मुलगी खालापूर तालुक्यातली. खोपोलीच्या लोकलने लौजीहून रोज कॉलेजला येत असे. मंडळी मूळची नगरकडची, ख्रिस्ती. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात. मुलगी टांझानियाला निघाली होती. तिथल्या अनाथ मुलांच्या एका बालगृहात तिला तिच्या चर्चतर्फे काम मिळाले होते. "मिशनरी म्हणून," ती म्हणाली. एखादीने "बँकेत लागले" म्हणावे इतक्या सहज. आई मात्र चहाच्या कपाकडे पाहत बसली होती.

"सर, तुमचं ती ऐकते. तुम्हीच सांगा तिला," ती म्हणाली.

आता मी काय सांगणार? मिशनरी या शब्दाशी आमच्या घराचे जुने वाकडे. आजोबा पुण्याचे, केसरीचे वाचक. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्या म्हणून 1893 साली पुण्यात जे वादळ उठले, ते आजोबांच्या जन्माच्याही आधीचे. पण पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आजोबा भरल्या पानावरून उठतील, अशी आजीला धास्ती असे. एम्.ए. झालो, रमाबाई वाचल्या, शिकवल्या. तरी ते पान कुठेतरी मनात मांडलेले असतेच.

म्हणून मी जरा खोचकच विचारले, "इर्शाळवाडी तुझ्या घरापासून किती लांब?"

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांतल्या कितीकांना परत जायला घर उरले नाही, घरात माणसे उरली नाहीत. खालापूर तालुक्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. "इथे अनाथ मुले कमी पडली, म्हणून आफ्रिकेत जायचे?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मिनी एब्रम्सला अमेरिकेत अनाथ मुलं मिळाली नसती का? तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

विद्यार्थ्यांना मनापासून शिकवू नये ते यासाठी! मीच तो तास घेतला होता. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई 1887 साली मिशनच्या कामासाठी मुंबईत उतरली, मराठी शिकली, आणि 1898 मध्ये केडगावला रमाबाईंच्या मदतीला गेली. मुंबईहून केडगावला जायची वाट कर्जतवरूनच. तेव्हा खंडाळ्याच्या खाली गाडी एका ठिकाणी थांबून, तोंड फिरवून पुढचा चढ चढे. 1929 पर्यंत ती तऱ्हा होती. त्या डब्यात बसलेल्या परदेशी बाईला पुढे काय दिसणार होते? मध्यप्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे जाऊन हाडाची काडे झालेल्या मुली घेऊन आल्या होत्या. 1900 च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळाने आणखी भर घातली, आणि मुक्तिसदनातल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. त्यांना जेवू घालायचे, खरजेने भरलेली अंगे धुवायची, मग अक्षरे. रमाबाईंना हे कुणी शिकवावे लागले नाही. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पण एब्रम्सबाई पोटभर जेवणाऱ्या देशातून आल्या आणि 1912 साली याच देशात तापाने गेल्या.

आणि मराठीच्या मास्तराला बोचणारी आणखी एक गोष्ट. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले, तेही जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळावे अशा भाषेत. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी ते जुळवले, छापले. 1924 साली ते बाहेर पडले, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. आम्ही मराठीवाले त्या पुस्तकाकडे सहसा फिरकत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही मी पुढचा प्रश्न विचारलाच. तो आजोबांचा नव्हता, माझा होता. "दुष्काळातून आणलेल्या आठ वर्षांच्या पोरीला देव निवडता येतो का गं? भाकरी ज्याच्या हातची, त्याचाच देव तिचा. तूही तिथे तेच करणार?"

तिच्या आईने पहिल्यांदाच मान वर केली. मला वाटले, आता दोघी उठून जातील.

"माझ्या पणजीला देवाचं कुणी विचारलं नव्हतं, सर," मुलगी हळूच म्हणाली. "ती नगरच्या मिशनात वाढली. पण त्याआधी गावात तिला 'जेवलीस का' असंही कुणी विचारलेलं नव्हतं."

स्वयंपाकघरात आमच्या सौ.च्या हातातली पळी थांबलेली मला ऐकू आली.

"तिथल्या मुलांना मी काय देईन, ते इथे बसून नाही सांगता येत," ती पुढे म्हणाली. "आधी त्यांची भाषा शिकते."

माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते; तो प्रश्न माझ्यापाशी अजून तसाच आहे. पण 'जाऊ नकोस' हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. "सर, तुम्हीसुद्धा!" असे म्हणून तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. जाताना मुलीने मराठी बालगीतांचे एखादे पुस्तक मागितले. माझ्या मुलीचे होते ते, पाने सुटलेले, दिले.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तिची आई एकटीच आली. बसायच्या आत तिने पिशवीतून मोबाइल काढला. मुलीने आवाज भरून पाठवला होता: पंचवीसतीस पोरांचा गलका, मधूनच तिचे हसणे, आणि सगळी पोरे मिळून, "दादा! दादा!"

"सर, माझ्या लेकीला दादा म्हणतात हो ही पोरं," ती म्हणाली. "काही चेष्टा वगैरे करतात का?"

ती निघाली त्या दिवसापासून मीही स्वाहिलीचे एक पुस्तक चाळत होतो. भाषेच्या मास्तराची खोड. चहाला चाय, औषधाला दवा, पुस्तकाला किताबु, हे ठाऊक झाले होते. मी सांगितले, "त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. आणि भावाला म्हणतात काका."

"बहिणीला दादा, भावाला काका? मग आईला हो?"

"मामा."

ती इतकी हसली की आतून सौ. बाहेर आली. मग डोळे पुसून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मला नीट जमत नाही," ती म्हणाली. "पुन्हा एकदा लावून द्या ना."