मुलामा उडालेले सम्राट

मिलानला वेढा घालून बसलेल्या गॅलिएनस या रोमन सम्राटाला 268 साली त्याच्याच सरदारांनी मारलं आणि क्लॉडियसला गादीवर बसवलं. बातमी रोमच्या टांकसाळीत पोचली, नव्या सम्राटाचा चेहरा मात्र पोचला नाही. सैन्याचा पगार काही थांबत नाही, नाणी तर पाडायलाच हवीत. मग ठसे कोरणाऱ्यांनी हाताच्या सवयीवर भिस्त ठेवली. क्लॉडियसची रोममध्ये पडलेली सुरुवातीची नाणी बघा. नाव क्लॉडियसचं आणि चेहरा जवळजवळ गॅलिएनसचा. तीच दाढीची वळणं, तोच किंचित वर उचललेला डोळा. पुढे हळूहळू चेहरा लांबट होत जातो, गाल बसतात, आणि कधीतरी खरा क्लॉडियस नाण्यावर येतो. असं एक सुरुवातीचं नाणं माझ्याकडे आहे. रोमन नाणी जमवणारे बहुतेक लोक ऑगस्टस, नीरो, हेड्रियन यांच्या मागे असतात. माझा जीव तिसऱ्या शतकातल्या या पडझडीच्या काळावर जडला, तो अशा नाण्यांमुळे.

235 साली ऱ्हाइनकाठी सैनिकांनी सेव्हेरस अलेक्झांडरला कापलं तिथपासून 284 साली डायोक्लेशियन येईपर्यंतचा हा काळ. वीसहून अधिक सम्राट आले आणि गेले, एकट्या 238 सालात सहा. साथीचे रोग, उत्तरेकडून गॉथ, पूर्वेकडून इराणी. 260 साली तर व्हॅलेरियन हा सम्राट जिवंतपणी इराणच्या शापूर राजाच्या हाती लागला, आणि नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर शापूरनं तो प्रसंग कायमचा कोरून ठेवला. हेरोडियनचा इतिहास 238 पाशी संपतो. त्यानंतर हाती उरतात काही तुकडे आणि पुष्कळ उशिरा लिहिलेला, गावगप्पांनी भरलेला एक चरित्रग्रंथ. नाणी नसती तर या पन्नास वर्षांचा हिशेब लागलाच नसता.

या काळाचं मुख्य नाणं म्हणजे अँटोनिनियानस. कॅराकॅलानं 215 साली ते सुरू केलं, तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा टोकदार मुकुट, आणि राणीचं नाणं असेल तर तिच्या खांद्याखाली चंद्रकोर. पुढे प्रत्येकानं पगारासाठी त्यात आणखी हीण मिसळलं. गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत चांदी शेकड्याला दोन-तीन भागांवर आली. वरून चांदीची झाक, आत तांबं. भिंगाखाली ते स्पष्ट दिसतं. मुलामा आधी उडतो तो उंच भागावरून: नाकाचा शेंडा, गालफड, कानावरचे केस. दाढीच्या खाचांत आणि अक्षरांच्या कडेला चांदी अजून धरून बसलेली असते. त्यामुळे सम्राटाचा चेहरा तपकिरी आणि नाव तेवढं उजळ, असं नाणं हाती येतं. सराफ त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. मला मात्र त्या उडालेल्या मुलाम्यात माणसांची बोटं दिसतात. पाव विकणारी, जकात घेणारी, नाणं वाजवून पाहणारी.

ठसे कोरणाऱ्यांनी या असल्या धातूवर काय काय केलं, ते पाहून मन भरून येतं. गॅलिएनसच्या अखेरीस रोमच्या टांकसाळीनं जनावरांची एक मालिकाच काढली. सम्राटाचं रक्षण कर म्हणून एकेका देवाला साकडं, आणि नाण्यावर त्या देवाचं जनावर. दियानाचं हरीण, नेपच्यूनचा माशाच्या शेपटीचा घोडा, सूर्याचा पंखवाला घोडा, अपोलोचा ग्रिफिन, लिबरचा चित्ता. खाली कारखान्याचा क्रमांक. त्या वेळी टांकसाळीत असे बारा कारखाने चालत होते. माझ्याकडचं हरीण जेमतेम नखाएवढं आहे. मान मागे वळवलेली, पुढचा एक पाय उचललेला. नाण्याची चकती वेडीवाकडी, कडेला चिरलेली, घण जरा बाजूला पडल्यामुळे अर्धी अक्षरं बाहेर गेलेली. पण हरणाची पाठ एका ओघात कोरली आहे, कुठे थांबल्याची खूण नाही. राज्याचा पश्चिम भाग पोस्ट्युमस नावाच्या बंडखोरानं तोडून घेतला होता, पूर्व पाल्मिरा या शहराच्या हातात होती, आणि रोममध्ये कोणीतरी हरणाच्या पाठीची रेघ इतक्या मनापासून ओढत होता.

पोस्ट्युमसच्या गॉलमधल्या त्या फुटीर राज्यात मॅरियस नावाचा एक सम्राट होऊन गेला. चरित्रग्रंथ सांगतो की तो मूळचा लोहार. एका दिवशी सम्राट झाला, दुसऱ्या दिवशी राज्य केलं, तिसऱ्या दिवशी मारला गेला, आणि तोही त्याच्याच भट्टीत घडलेल्या तलवारीनं. शतकानुशतकं ही गोष्ट लोक चवीनं सांगत आले. पण मॅरियसची नाणी इतकी सापडतात, त्यांचे ठसे इतके वेगवेगळे आहेत, की तीन दिवसांत ते होणं शक्य नाही. त्यानं काही महिने तरी राज्य केलं असणार. नाणी नसती तर हा माणूस चेष्टेचा विषय म्हणूनच उरला असता. त्याच्या नाण्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात आहेत, भोवती सैनिकांच्या एकजुटीचे शब्द. मला ती नुसती बतावणी वाटत नाही. ज्याला रात्री झोपताना आपल्याच पहारेकऱ्यांची खात्री नाही, त्यानं मागितलेलं ते मागणं आहे.

डोमिशियानस तर त्याहून विलक्षण. 1900 साली फ्रान्समध्ये नाँतजवळ त्याचं एक नाणं सापडलं. असा सम्राट कोणाला ठाऊकच नव्हता, म्हणून ते खोटं ठरवून बाजूला पडलं. 2003 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या चाल्ग्रोव्हला गंजून एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचं एक मडकं निघालं. ब्रिटिश म्युझियममध्ये ती नाणी सुटी करताना एकावर तोच चेहरा, तेच नाव. दोन्ही नाणी एकाच ठशांची निघाली. एकशेतीन वर्षं खोटा म्हणून पडून राहिलेला माणूस खरा झाला.

अशी मडकी ब्रिटनमध्ये सतत निघतात. सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ 2010 साली एकाच रांजणात 52,503 नाणी मिळाली, वजन 160 किलोच्या घरात. उत्खनन करणाऱ्यांनी ती थराथरानं काढली, म्हणून एक चकित करणारी गोष्ट कळली. सर्वांत उशिराची, कॅरॉशियस या सम्राटाची नाणी बहुतेक रांजणाच्या खालच्या अर्ध्यात होती. म्हणजे वर्षानुवर्षं भर घालत केलेली ही शिल्लक नव्हे, सगळं एकदमच ओतलं गेलं. देवाला वाहिलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. एवढं ओझं भरलेला रांजण कोणी परत उचलायच्या बेतानं पुरत नाही.

आपल्याकडे सापडणारी चांदीची रोमन नाणी बहुतेक या पडझडीआधीची, चांदी सकस होती तेव्हाची. पण पडझडीच्या याच वर्षांत गुजरात-माळव्यात पश्चिमी क्षत्रप चांदीची बारीक नाणी पाडत होते. गॅलिएनसच्या काळात तिथे दुसरा रुद्रसेन होता. त्याच्या नाण्यावर राजाच्या डोक्यामागे शकाचं वर्ष कोरलेलं, तोच शक जो आजही आपल्या पंचांगावर छापला जातो. मागे बापाचं नाव: वीरदामाचा मुलगा रुद्रसेन. क्षत्रपाचं आणि रोमन, अशी दोन नाणी मी शेजारी ठेवतो. एकाला बाप आहे, साल आहे. दुसऱ्यावर सरळ साल नाही, आणि त्या काळच्या बहुतेक रोमन सम्राटांना बापाचं नाव सांगण्यासारखं नव्हतंच. सैन्यानं उचललं म्हणून ते सम्राट.

रोमच्या टांकसाळीतल्या कामगारांनाही शेवटी तोंड फुटलं. सम्राट ऑरेलियनच्या राज्यात त्यांनी बंड केलं आणि रोमच्या केलियन टेकडीवर सैन्याशी लढाई झाली. चांदी खाल्ल्याचा ठपका त्यांच्यावर होता. किती जण मेले याचे जुने आकडे फुगवलेले असतील, पण टांकसाळीची माणसं राजाच्या फौजेशी भिडली, एवढं खरं. पुढे 274च्या सुमारास ऑरेलियननं नाणं सुधारलं आणि खालच्या बाजूला रोमन आकड्यांत एकवीसची खूण आली. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा तिचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. शेकड्याला पाच, मुलाम्याखाली आहे तेवढंच, उघड लिहून दिलेलं. दुसऱ्याच वर्षी ऑरेलियनला त्याच्या माणसांनी मारलं. टॅसिटस आला, फ्लोरियन, प्रोबस, कॅरस आणि त्याची दोन मुलं आली. ती एकवीसची खूण मात्र प्रत्येकाच्या नाण्यावर, पार डायोक्लेशियनपर्यंत, तशीच कोरली जात राहिली.